पीटची जागा घेताना

आज इथे गच्चीवर बाग करणारी मंडळी आहेत, तशीच रोपवाटिका चालवणारीही आहेत. म्हणून पीटऐवजी कारखान्याच्या टाकाऊ मालाचे कंपोस्ट चालेल का, हा प्रश्न मी कुंडीपासूनच मांडतो. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत साचलेले शेवाळ. त्याचा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, आणि पृथ्वीवरील जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग व्यापणाऱ्या या दलदलींत जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडोऱ्यापेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. तो उपसून मुंबईतल्या कुंड्या भराव्यात, हे मला पटत नाही.

तरीही पीटचा गुण ओळखायला हवा. ते रोपाला जवळजवळ काहीच खाऊ घालत नाही, त्यात क्षार अगदी थोडे असतात, आणि पाणी धरून ठेवतानाही ते मुळांना हवा मिळू देते. हे रिकामेपणच माळ्याच्या कामाचे असते, कारण चुना किती आणि खत किती घालायचे ते तोच ठरवतो. कारखान्याच्या टाकाऊ मालाचे कंपोस्ट मात्र अन्नद्रव्ये आणि क्षार यांनी भरलेलेच हाती येते. साखर कारखान्याचा प्रेसमड घ्या. उसाचा रस निवळताना निघणारा हा गाळ, गाळप केलेल्या उसाच्या साधारण ३ ते ४ टक्के भरतो. त्यात स्फुरद (फॉस्फरस) आणि कॅल्शियम चांगले असते, आणि डिस्टिलरीचा स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडपाणी, मुरवलेला असेल तर पालाशही (पोटॅश) बरेच चढते. शेताच्या मातीत हे सारे सामावते. कुंडीतल्या मूठभर माध्यमात, म्हणजे रोप ज्यात वाढते त्या मिश्रणात, तेच क्षार पानांच्या कडा करपवतात.

बगॅस (उसाचा चोथा) आणि लाकडाचा भुसा यांची अडचण उलटी आहे. त्यांत कर्ब (कार्बन) अफाट आणि नत्र (नायट्रोजन) नगण्य, त्यामुळे कच्चे राहिल्यास कुजवणारे जिवाणूच माध्यमातले नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. ढिगाचे तापमान काही दिवस ५५ अंशांच्या वर राहायला हवे, ढीग वरचेवर पालटायला हवा, आणि तो थंडावल्यावरही काही आठवडे मुरू द्यायला हवा. घाईने विकलेल्या कंपोस्टात नेमके हे मुरणेच राहून गेलेले असते.

काळ्या रंगावर आणि मातीच्या वासावर मी विसंबत नाही. एक भाग कंपोस्ट पाच भाग पाण्यात ढवळा, फडक्यातून गाळा, त्या पाण्याने टिपकागद भिजवून त्यावर मुळ्याचे बी पसरा आणि शेजारी तेच बी साध्या पाण्यावर ठेवा. तीन-चार दिवसांनी कंपोस्टाकडची मुळे आखूड किंवा टोकाशी तपकिरी दिसली, तर तो माल अजून तयार नाही. जड धातू मात्र या परीक्षेत सापडत नाहीत. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कचऱ्याच्या कंपोस्टासाठी किलोमागे शिसे १०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल पाहिल्याशिवाय कारखानी कंपोस्टात पालेभाजी लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडचा पाऊसही हिशेबात धरावा लागतो. जून-जुलैच्या संततधारेत बारीक कंपोस्ट दबून बसते, त्यातली हवा निघून जाते आणि मुळे सडतात. म्हणून मोठ्या कुंडीत कंपोस्ट चौथ्या हिश्श्यापासून फार तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असावे. उरलेल्यात भाताचे तूस आणि मीठ निघेपर्यंत धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालावे. बियाण्याच्या ट्रेमध्ये कोवळ्या मुळांना क्षार सोसत नाहीत, तिथे दहावा हिस्सा पुरे.