पलीकडच्या खोलीतली हाक

(इंदूरमधल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांच्या मेळाव्यात एका निवृत्त नर्सबाईंनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

सगळ्यांना जय ख्रिस्त. मला विषय दिलाय 'देवाचं पाचारण', म्हणजे देवाने माणसाला आपल्या कामासाठी मारलेली हाक, आणि हा शब्द काढला की आपल्या मंडळीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं, कोणाचा तरी मुलगा नोकरी सोडून पाळक व्हायला सेमिनरीत चालला, मग त्याच्यासाठी खास प्रार्थना, हार, फोटो. छानच आहे ते, पाळक हवेतच आपल्याला. पण बाकीच्यांचं काय? जो रोज पलासियाच्या ट्रॅफिकमधून ऑफिस गाठतो, जी पहाटे उठून पोहे करते, डबे भरते आणि सासूबाईंना इन्सुलिन टोचून मग आपल्या कामाला पळते, त्यांना देवाने हाक मारलीच नाही असं म्हणायचं का? मला हे पटत नाही, आधीपासूनच पटत नाही. जर्मनीतला धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर, त्यानेसुद्धा सोळाव्या शतकात हेच सांगितलं होतं, की मठात गेलेल्यालाच पाचारण असतं असं नाही, चांभाराला आहे, मोलकरणीला आहे, लेकराचे लंगोट धुणाऱ्या बापालाही आहे.

आता बायबलमधल्या पहिल्या शमुवेलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय घ्या. संडेस्कूलमध्ये सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट. मंदिरात दिवा अजून विझलेला नाही, म्हातारा याजक एली त्याच्या जागी झोपलाय, त्याची नजर गेलेली, आणि शमुवेल पोरगा देवाच्या कोशापाशी, म्हणजे तिथल्या पवित्र पेटीपाशी, झोपलाय. हाक येते. पोरगा उठतो आणि धावत एलीकडे जातो. एली म्हणतो, मी नाही बोलावलं रे, जा झोप. असा तो तीनदा एलीकडे जातो. लहानपणी आम्ही यावर हसायचो, की बघा, देव बोलावतोय आणि हा भलतीकडेच पळतोय.

पण नाइट ड्युट्या करून करून म्हातारी झाल्यावर मी तोच अध्याय वाचला तेव्हा माझी नजर एका शब्दावर अडली. धावत. शास्त्र सांगतं तो धावत गेला. गाढ झोपलेलं पोर, रात्रीची वेळ, आणि हाक आली की धावत. मला वाटतं, आता हे लिहिलेलं नाहीये, हा माझा अंदाज, की त्या आंधळ्या म्हाताऱ्याला रात्री पाणी लागत असणार, बाहेर न्यायला कोणी लागत असणार, आणि पोराला त्याची सवय झाली होती. ती सवय नसती ना, तर पहिल्या हाकेलाच त्याने कूस बदलली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती. म्हणजे देवाचा आवाज त्याला ओळखू आला नाही हे खरं, पण उठायचं कसं हे त्याला आधीपासून येत होतं.

मी उठले नव्हते, ते सांगते. नोकरीची सुरुवातीची वर्षं, मेडिकल वॉर्ड, रात्रीचे दोन-अडीच. कोपऱ्यातल्या बेडवर एक आजोबा होते, ते सारखे हाका मारायचे, सुमन, ए सुमन. सुमन त्यांची मुलगी असावी, ती आलेली कधी कोणी पाहिली नाही. दोनदा मी गेले, काय हवं विचारलं, तर माझ्याकडे नुसते बघत राहिले. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी रिपोर्ट बुक लिहीत होते, आणि मी मान वर केली नाही. मी काही सुमन नाही, असं चक्क मनात म्हटलं. तेवढ्यात आमची वॉर्डातली आयाबाई, दिवसभर दोन घरची धुणीभांडी करून रात्री ड्युटीला यायची, ती खाली चटईवर टेकली होती, ती उठली. 'आले हं बाबा' म्हणाली. चादर त्यांच्या पायावरून सरकली होती, ती तिने नीट केली, तळवे गार पडले होते ते दोन्ही हातांत धरून चोळले, आणि तिथेच स्टुलावर बसून राहिली. पाच मिनिटांत आजोबांना झोप लागली. बास, इतकंच झालं. त्या बाईने आपलं नाव सुमन आहे का हा विचारच केला नाही. रिपोर्ट बुकात मी तेव्हा लिहिलं, पेशंट शांत झोपला. आयाबाईचं नाव लिहायला तिथे रकानाच नव्हता.

पाचारणाबद्दल मला जे काही कळलंय ते त्या रात्रीपासून. हाक आपल्या नावाने येईलच असं नाही.

पंडिता रमाबाईंचं एक सांगते, कारण त्याचा आपल्या या मुलखाशी संबंध आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई तेव्हाच्या मध्य प्रांतात फिरल्या, उपाशी मरायला टेकलेल्या मुली, विधवा, शेकड्यांनी गोळा करून महाराष्ट्रात घेऊन गेल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ठेवल्या. पुढे रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, १९२२ साली त्या गेल्या आणि पूर्ण बायबल १९२४ ला निघालं. हे आपण अभिमानाने सांगतो. पण ते छापलं कोणी? मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी. ज्यांनी कधी पाटी धरली नव्हती त्या अक्षरं शिकल्या आणि शिशाचे खिळे जुळवायला बसल्या. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशात दिसतं तसं, आणि काना, मात्रा, वेलांटी सगळ्याचे वेगळे खिळे. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकेक अक्षर उचलून ठेवायचं, चुकलं की काढायचं, पान छापलं की खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. त्यांच्यापैकी एकीचंही नाव मला सांगता येणार नाही. रमाबाईंना पाचारण होतं असं सगळे म्हणतात, आणि बोटं काळी करून घेणाऱ्या त्या बायकांना नव्हतं?

आपल्या इंदूरजवळचंही सांगायला हवं. सिस्टर राणी मारिया. आपल्यातले बरेच जण कॅथलिक नाहीत, तरी हे आपलं समजून ऐका. केरळची बाई, देवास जिल्ह्यात उदयनगरला आदिवासी आणि शेतमजुरांमध्ये राहिली. काम काय, तर बचत गट, सरकारी योजनेची माहिती, बँकेचं कर्ज मिळवून देणं, म्हणजे सावकाराचा फास सैल होईल. बघायला गेलं तर कागदपत्रांचं, खेपा घालायचं काम. ज्यांचं त्यामुळे बिघडलं त्यांनी माणूस पाठवला, आणि २५ फेब्रुवारी १९९५ ला ती बसने इंदूरला येत असताना तिला भोसकून मारलं. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथे इंदूरमध्येच तिला धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी, घोषित केलं. आणि तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीने, तीही सिस्टर, २००२ साली तुरुंगात जाऊन त्या मारेकऱ्याला राखी बांधली. मी यावर जास्त बोलत नाही, बोलताना माझाच गळा भरून येतो.

एक मात्र बजावून सांगते, आणि बायांनो तुम्ही खास ऐका. 'हे तुझं पाचारण आहे' असं म्हणून घरातल्या सुनेला नाहीतर मंडळीतल्या गरीब माणसाला कामाला जुंपायचं, हे पाप आहे. मी हे घरांत पाहिलंय, चर्चमध्ये पाहिलंय, म्हणून बोलते. एलीने तसं नाही केलं. तिसऱ्या खेपेला त्याच्या लक्षात आलं की हाक देवाची आहे, तेव्हा तो म्हणाला नाही की आता उठलाच आहेस तर माझे पाय दाबून दे. तो म्हणाला जा, पडून राहा, आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणायचं ते सांगितलं. आणि त्या हाकेत निरोप एलीच्याच घराण्याच्या नाशाचा होता. तरी त्याने पोराच्या आणि देवाच्या मध्ये पाय घातला नाही.

त्या रात्रीनंतर काय झालं ते फारसं कोणी सांगत नाही. परमेश्वर स्वतः येऊन बोललाय, एवढी भयंकर गोष्ट त्या पोराच्या कानात पडलीय, आणि शास्त्र म्हणतं तो सकाळपर्यंत पडून राहिला आणि मग उठून त्याने परमेश्वराच्या घराची दारं उघडली. रोजचंच काम. एलीला निरोप सांगायची त्याला भीती वाटत होती, तरी दारं वेळेवर उघडली. आणि मग हाक आली, शमुवेला, माझ्या मुला. या वेळी खरोखर एलीच होता, तोच आंधळा म्हातारा. शमुवेल म्हणाला, हा मी आहे. मूळ हिब्रूत तिथे 'हिन्नेनी' असा शब्द आहे. रात्री देवाने पहिल्यांदा हाक मारली तेव्हाही पोराच्या तोंडून हाच शब्द आला होता.