सुकाणू हॉइटच्या हाती

मंडळी, आज ज्यांची आठवण काढायला जमलोय, त्यांचं आडनाव ऐकलं की आधी पैसाच डोळ्यांपुढे येतो. हॅरल्ड व्हँडरबिल्ट. अमेरिकेतल्या रेल्वेसम्राट कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांचे पणतू. जन्म १८८४ चा. हार्वर्डचं शिक्षण झालं, मग न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या संचालक मंडळावर कित्येक वर्षं गेली. १९५४ मध्ये भागधारकांच्या मतांची मोठी लढाई झाली, रेल्वेचा ताबा रॉबर्ट यंग यांच्या गटाकडे गेला आणि व्हँडरबिल्ट घराण्याचा त्या रेल्वेवरचा हात सुटला. या सगळ्यावर मी जास्त बोलणार नाही. मला ते आठवतात शिडाच्या नौकेवर, सुकाणूच्या चाकाशी उभे असलेले.

अमेरिकाज कप, म्हणजे शिडाच्या नौकांच्या शर्यतींचा चषक, त्यांनी तीनदा राखला: १९३०, १९३४ आणि १९३७. तिन्ही वेळा जे-वर्गाच्या अवाढव्य नौका. शेवटची 'रेंजर' तर त्यांनी स्वतःच्या पैशाने बांधून घेतली. त्या वर्षी ३४ शर्यतींत उतरली, ३२ जिंकली. पण माझा जीव अडकलाय तो १९३४ मध्ये.

समोर इंग्लंडची 'एंडेव्हर' होती आणि तिच्या चाकावर तिचे मालक, विमानं बांधणारे टॉमस सॉपविथ. पहिल्या दोन्ही शर्यती त्यांनी जिंकल्या. तिसरीतही ते सहा मिनिटांहून जास्त पुढे निघून गेले. ही शर्यत हरली असती तर व्हँडरबिल्टांची 'रेनबो' तीन शून्यने मागे पडली असती आणि चषक जवळजवळ गेल्यातच जमा होता. अशा वेळी त्यांनी काय करावं? चाक नौकेवरचेच एक साथीदार शर्मन हॉइट यांच्या हाती दिलं आणि कॉफी प्यायला खाली गेले.

काहींना यात नुसती निराशा दिसते. निराशा होतीच, पण मला त्यात दुसरंही काही दिसतं. मंद वाऱ्यात हॉइटचा हात आपल्यापेक्षा हलका आहे, हे त्यांना माहीत होतं आणि ते मान्य करायला त्यांना जड गेलं नाही. हॉइट सॉपविथना चांगले ओळखून होते. मागची नौका कुठे वळते ते बघून तिच्या वाऱ्याच्या अंगाला येऊन बसायचं, ही सॉपविथ यांची सवय. हॉइटने 'रेनबो'चं नाक गरजेपेक्षा वर, वाऱ्याकडे धरलं. सरळ गेले असते तर सॉपविथ जिंकले असते. पण ते 'रेनबो'ला दाबायला वळले, आणि वारा पडलेल्या पट्ट्यात त्यांची शिडं लोंबू लागली. 'रेनबो' शांतपणे पुढे सरकली आणि तीन मिनिटांहून जास्त फरकाने जिंकली. पुढच्या तिन्हीही जिंकून चषक चार-दोनने राहिला.

चौथ्या शर्यतीला मात्र गालबोट लागलं. 'रेनबो'ने वाट दिली नाही, अशी सॉपविथ यांची तक्रार होती. तक्रारीचा झेंडा ताबडतोब फडकवला नाही, म्हणून समितीने ती ऐकलीच नाही. चूक कुणाची, यावर लोक पुढे कित्येक वर्षं भांडले. माझ्या मते तक्रार ऐकायला हवी होती. विजेत्याच्या बाजूनेही तेच बरं झालं असतं.

नियमांचं वेड व्हँडरबिल्टांना आधीपासूनच होतं. १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर मित्रांबरोबर पत्ते खेळताना त्यांनी गुणांची जी पद्धत बसवली, तिच्यातून आजचं काँट्रॅक्ट ब्रिज आलं. नौकांच्या शर्यतीचे नियम त्यांनी नव्याने मांडले, ते म्हणजे तर वर्षानुवर्षांचं किचकट काम. तोवर कुणी कुणाला वाट द्यायची हे नौका वाऱ्याला किती भिडून चालली आहे यावर ठरे, आणि दोन्हीकडचे आपापल्या सोयीने वाद घालत. व्हँडरबिल्टांनी आधी एकच गोष्ट विचारली: वारा कोणत्या अंगावरून येतोय? डावीकडून वारा घेणाऱ्याने उजवीकडून घेणाऱ्याला वाट द्यायची, हा पाया, बाकीचं त्यावर. १९६० च्या सुमारास हीच मांडणी जगभर लागू झाली, तेव्हा ते पंचाहत्तरी ओलांडलेले होते.

'रेंजर' १९४१ मध्ये मोडीत निघाली. युद्धात धातू हवा होता. ते स्वतः १९७० च्या जुलैमध्ये न्यूपोर्टला वारले, ज्या किनाऱ्यासमोर या शर्यती झाल्या तिथेच. आजही कुठल्याही शर्यतीत दोन नौका एकमेकींवर चालून येतात, आणि उजवीकडून वारा घेणारा सुकाण्या ओरडतो, "स्टारबोर्ड!" समोरचा मुकाट्याने चाक फिरवतो.