शिकारीच्या बाणाचे पाते: निवड आणि धार

नमस्कार. बंदुकीची गोळी वेगाच्या जोरावर मोडतोड करते, बाण मात्र कापतो. बाण लागलेले जनावर पडते ते रक्तस्रावाने किंवा फुप्फुसे निकामी झाल्याने, आणि ते किती लवकर पडेल हे नेम आणि धार या दोन गोष्टी ठरवतात. तरीही ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचे हे पाते, घेताना बहुतेक चर्चा आकाराची होते, धारेची फारशी होत नाही. माझ्या मते क्रम उलटा हवा: जे पाते आपल्याला स्वतः परजता येईल, तेच आधी विचारात घ्यावे.

पाती ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. स्थिर पाती कायम उघडी राहतात, तर यांत्रिक पाती उडताना मिटलेली असतात आणि लक्ष्याला भिडल्यावर उघडतात. यांत्रिक पाते सरावाच्या टोकासारखे सरळ उडते आणि जखम रुंद करते, पण उघडण्यासाठी लागणारी ऊर्जा ते बाणाकडूनच घेते, त्यामुळे बाण आत शिरण्याची खोली कमी होते. ज्यांच्या धनुष्याची ओढ हलकी आहे, त्यांनी अरुंद, दोन धारांचे स्थिर पाते निवडावे, असे मी सांगेन. वजनाचा हिशेब ग्रेनमध्ये होतो. १०० आणि १२५ ग्रेन ही नेहमीची मापे आहेत, आणि १०० ग्रेन म्हणजे सुमारे साडेसहा ग्रॅम. पुढचे वजन वाढवले की सुटताना दांडी जास्त लवते, म्हणून पाते बदलल्यावर बाण पुन्हा मारून तपासावेत. अमेरिकेतील काही राज्यांत पात्याची रुंदी किमान ७/८ इंच, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटर, असावी असा नियम आहे. आपल्या शिकारीच्या जागी कोणता नियम लागू आहे, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

एकाच बाजूने उतार काढलेले पाते घेणार असाल, तर उताराची दिशा आणि पिसांचा पीळ एकाच बाजूचा ठेवा. ते परस्परविरुद्ध असतील तर उडताना बाण एकीकडे फिरतो आणि आत शिरल्यावर पाते त्याला दुसरीकडे वळवू पाहते.

आता धार. माझ्या हातातल्या या दोन धारांच्या पात्याच्या उतारावर मी मार्करची शाई फासली आहे. दगडावरून एकदा ओढल्यावर शाई फक्त कडेलगत निघाली, तर कोन जास्त उभा आहे. फक्त वरच्या भागात निघाली, तर तो फार आडवा आहे. प्रत्येक बाजूला साधारण २० ते २५ अंशांचा कोन बहुतेक पात्यांना पुरतो, कारण याहून बारीक धार हाडाला लागताच वळते किंवा तुटते. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला टोकापासून बुडापर्यंत धातूची बारीक खरखरीत कड सलग जाणवत नाही. ती कड मध्येच तुटक लागत असेल, तर काम अपुरे आहे, आणि घाईचे लोक नेमके इथेच थांबतात. मग बाजू बदला, त्यानंतर बारीक दगड घ्या, दाब कमी करत न्या, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाते धारेच्या उलट दिशेने ओढा.

तीन धारांच्या एकसंध पात्याला कोन शोधावा लागत नाही. त्याच्या दोन धारा दगडावर सपाट टेकवून घासल्या की भूमितीनेच धार ६० अंशांची होते. ती दोन धारांच्या पात्याइतकी तीक्ष्ण नसते, पण टिकते. शिवाय नवख्याचा हातही इथे फारसा चुकत नाही. मऊ पोलादाला कानस चालते, कठीण पोलादाला हिऱ्याचा दगड लागतो. यंत्राची चक्री मात्र टाळावी: कड तापून निळी पडली की पोलादाचे पाणी उतरले असे समजा.

धार बोटावर कधीही पाहू नका. किंचित ताणलेल्या रबर बँडवर पाते अलगद टेकवा. तो लगेच तुटला पाहिजे, घसरता कामा नये. पाते बाणावर बसवताना त्याचा खास पाना वापरा, मग बाण टोकावर उभा करून फिरवा आणि जोडाजवळ तो डुगडुगतो का ते पाहा. सरावात मारलेले पाते पुन्हा धार लावल्याशिवाय शिकारीला नेऊ नये, कारण फोमचे लक्ष्यसुद्धा धार मारते. तयार पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवून ते झाकण असलेल्या भात्यात ठेवावे.