दुसरा कॉर्नेट

मंडळी, जॅझचा इतिहास सांगायला बसलं की पहिलं नाव बडी बोल्डनचं घ्यायची रीत आहे. घेऊ या. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा हा कॉर्नेटवाला १९०७ साली वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ साली वारला. त्याची एकही रेकॉर्ड आज आपल्याकडे नाही. न ऐकलेल्या वादनाबद्दल तासभर बोलणारे लोक आहेत, मला ते जमत नाही. म्हणून मी सरळ जो ऑलिव्हरवर येतो.

कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं आखूड, गोल आवाजाचं भावंड. ऑलिव्हर त्यातून माणसासारखा आवाज काढायचा. कुरकुर, रडणं, चेष्टा, सगळं. कॉर्नेटच्या तोंडावर तो कप धरी, ग्लास धरी, बेसिन तुंबल्यावर आपण जो रबरी पंप वापरतो तोही धरी. लोकांनी त्याला ‘किंग’ म्हटलं.

याच न्यू ऑर्लिन्समध्ये लुई आर्मस्ट्राँग नावाचं एक पोर होतं. १९१२ सालच्या ३१ डिसेंबरच्या रात्री रस्त्यावर पिस्तुलाचा बार काढला म्हणून त्याला सुधारगृहात टाकलं. शिक्षा म्हणून गेला आणि कॉर्नेट शिकून आला. पुढे तो ऑलिव्हरच्या घरी ये-जा करू लागला. जोच्या बायकोची बाहेरची कामं करायची, तिने वाढलेला राजमा-भात खायचा, आणि मोबदल्यात शिकायचं. जोने त्याला स्वतःचा जुना कॉर्नेट देऊन टाकला. लुई त्याला ‘पापा जो’ म्हणायचा. आपल्याकडच्या गुरुगृहाच्या गोष्टी तुम्ही ऐकलेल्या आहेत. हीही तीच गोष्ट आहे, आणि पुढे हिच्यात तसाच गुंताही आहे.

ऑलिव्हर शिकागोला गेला, तिथे नाव काढलं, आणि १९२२च्या ऑगस्टमध्ये त्याने लुईला बोलावून घेतलं. जागा कुठली, तर दुसऱ्या कॉर्नेटची. लिंकन गार्डन्स नावाच्या नाचघरात ही जोडी वाजवू लागली. मधेच सगळा बॅन्ड थांबायचा आणि थोड्या मात्रांच्या त्या मोकळ्या जागेत हे दोघे एकदम, सुरात सूर मिळवून, एखादी नवीच जागा घ्यायचे. ऐकायला आलेले वादक चक्रावून जात, की आधी न ठरवता हे जमतं कसं? युक्ती साधी होती. बॅन्ड जोरात चालू असतानाच जो पुढची जागा हळूच सुचवून ठेवायचा आणि लुई ती उचलून तिच्यावर आपला सूर रचायचा. बुवांच्या मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य तान कुठे वळणार हे ओळखतो ना, तसंच.

१९२३च्या एप्रिलमध्ये हा बॅन्ड इंडियाना राज्यातल्या रिचमंडला जेनेट कंपनीसाठी रेकॉर्ड करायला गेला. पियानोच्या कारखान्यातला स्टुडिओ, शेजारून रेल्वेचे रूळ. गाडी आली की काम बंद. रेकॉर्डिंगला मायक्रोफोन तेव्हा वापरत नसत. एका मोठ्या भोंग्यासमोर वाजवायचं आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ ओढणार. कोण मोठा ऐकू येणार आणि कोण बारीक, हे भोंग्यापासूनच्या अंतरावर ठरायचं. आणि लुईचा आवाज एवढा दणदणीत की गुरू त्याच्याखाली झाकला जाई. मग लुईला पार मागे, खोलीच्या टोकाला नेऊन उभं केलं. बॅन्डमध्ये पियानोवर होती लिल हार्डिन, मेम्फिसची, फिस्क विद्यापीठात शिकलेली. तिने नंतर सांगितलं, की तो तिथे एकटा फार उदास दिसत होता. आणि तिच्या मनात आलं, ज्याला इतकं लांब ठेवावं लागतं, तोच जास्त चांगला वाजवत असणार!

लिलनेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. जो तिला म्हणाला होता, की हा माझ्यापाशी आहे तोवर माझ्यापुढे जाऊ शकत नाही. म्हणजे बघा. स्वतःचा कॉर्नेट देणारा तोच, आणि दुसरी जागा सोडू न देणाराही तोच. मला यात ढोंग दिसत नाही, दोन्ही खरं असावं. १९२४ साली लुई-लिलचं लग्न झालं आणि तिने त्याला बॅन्ड सोडायला लावला. दुय्यम वाजवणारा नवरा मला नको, असं तिने स्वच्छ सांगितलं. एरवी ‘पापा जो’ला सोडून तो हललाच नसता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. लुईने एकट्याच्या वादनाला जॅझच्या मध्यभागी आणलं, तेही इतकं की जगभर ट्रम्पेट हातात घेणाऱ्याला त्याच्याकडे बघावंच लागलं. गोव्यातल्या हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाला, लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणू लागले, आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त तो ट्रम्पेट घेऊन पडद्यावर दिसतो. त्यावर वेगळं व्याख्यान होईल, आज नको.

ऑलिव्हरचं मात्र सगळं उतरणीला लागलं. १९२७ साली न्यूयॉर्कच्या कॉटन क्लब या नाइटक्लबने बॅन्डसाठी विचारलं, तेव्हा पैसे कमी म्हणून त्याने नाही म्हटलं. ती जागा ड्यूक एलिंग्टन या बॅन्डवाल्याला मिळाली. हिरड्या सडल्या, दात गेले. कॉर्नेटवाल्याचे दात म्हणजे गवयाचा गळाच. अखेर जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना गावात जुगाराच्या-पूलच्या अड्ड्यावर झाडलोट करू लागला. बहिणीला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की न्यूयॉर्कच्या तिकिटासाठी पैसे साठवतोय, १ डॉलर ६० सेंट झालेत, त्यांना हात लावणार नाही. १९३७ साली लुई बॅन्ड घेऊन त्या गावी गेला, तर गुरू टोमॅटो-बटाटे विकताना सापडला. खिशात होतं ते लुईने त्याच्या हातात ठेवलं. पुढच्या एप्रिलमध्ये जो वारला. घरभाड्याचे पैसे मोडून बहिणीने त्याला न्यूयॉर्कला आणून पुरलं. थडग्यावर दगड बसवायला तिच्याकडे काही उरलं नव्हतं.

तर आता रेकॉर्ड ऐकू या. १९२८ साली लुईने ‘वेस्ट एंड ब्लूज’ रेकॉर्ड केलं. सुरुवातीला तो एकटाच बारा-तेरा सेकंद वाजवतो, त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. ती धून जो ऑलिव्हरची. पण ती नंतर. आधी या जोडीची १९२३ची रेकॉर्ड लावतो. खरखर पुष्कळ आहे, तिकडे दुर्लक्ष करा. पुढे वाजतो तो जो. खोलीच्या टोकाकडून एक दुसरा कॉर्नेट येतो, तो पकडायचा प्रयत्न करा.