शह, पट आणि खजिना

(दृश्य: सांगली. पारावर रंगलेला बुद्धिबळाचा डाव.)

घोडा पटावर टेकायच्या आत मागचा बघ्याच ओरडतो, "शह!" शब्द मूळचा फारसी. शाह, म्हणजे राजा. सांगलीच्या पारावरचा हाच शब्द लंडनमध्ये थेट अर्थमंत्र्याच्या पदनामात जाऊन बसलाय. चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर. एक्स्चेकर म्हणजे सरकारी खजिना.

शाह अरबांमार्फत युरोपात पोचला. लॅटिनमध्ये पटाला 'स्काकारियम' म्हणू लागले, जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेकिए'. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर हा शब्द इंग्लंडात उतरला. पुढे तिथल्या शहाण्यांना वाटलं, सुरुवातीचा 'एस' म्हणजे लॅटिनचा 'एक्स'च असणार; आणि मुळात नसलेला 'एक्स' शब्दाला कायमचा चिकटला. बँकेचा चेक आणि चेक्सचा शर्ट, दोघंही याच घराण्यातले.

(दृश्य: मेजावर काळं कापड अंथरलं जातंय.)

पण खजिन्याला पटाचं नाव का? हे कापड बघा. बाराव्या शतकात राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं हे सगळं लिहून ठेवलंय. मेज दहा फूट लांब, पाच फूट रुंद. सोंगट्या घरंगळू नयेत म्हणून चार बोटं उंच कड. कापडावर वीतभर अंतरानं रेघा. एक रकाना पेनींचा, पुढचा शिलिंगांचा, मग पौंड, वीस पौंड, शेकडा, हजार. रोमन आकड्यांत बेरीज करणं म्हणजे डोकेदुखी. इथे नुसत्या सोंगट्या सरकवायच्या. शून्य लिहायची गरजच नाही, रकाना रिकामा ठेवला की झालं.

ईस्टरला आणि मायकेलमसला (सप्टेंबरअखेरचा ख्रिस्ती सण) परगण्यांचे शेरीफ, म्हणजे राजाचे वसुली अधिकारी, वसुली घेऊन हजर व्हायचे. मेजाच्या एका अंगाला खजिनदार, दुसऱ्या अंगाला शेरीफ. फिट्झनील स्वतःच म्हणतो, हा दोघांमधला डाव. कापडाचं नाव मेजाला पडलं, मेजाचं कचेरीला.

(दृश्य: हेझल नावाच्या झाडाची काठी. सुरी. खाचा.)

भरलेल्या पैशांची पावती लाकडाची. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभराला अंगठ्याएवढी, एका पौंडाला जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची. अर्धी भरणाऱ्याकडे, अर्धी खजिन्यात. दोन्ही जुळवल्या की खाचेला खाच लागलीच पाहिजे.

(दृश्य: ज्वाळांचं जुनं चित्र.)

१६ ऑक्टोबर १८३४. जुन्या काठ्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळल्या, आणि संसदेचा जुना वाडा बहुतेक जळून गेला. वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचला.