उंच घराची पडवी

नमस्कार, श्रोतेहो.

माझी काकू राजापूरची. मे महिन्यात मुलाकडे राहायला मुंबईला आली. पस्तिसावा मजला. टॉवर कुठला ते विचारू नका, नाव इटलीतल्या कुठल्याशा गावाचं आहे. आपल्याकडे नावांचा एवढा दुष्काळ का पडावा, देव जाणे!

काकूनं आल्याआल्या किलोभर मिरच्या आणवल्या, चिरून मसाला भरला, दह्यात मुरवल्या. मग ताट घेऊन घरभर फिरली. काच जमिनीपासून छतापर्यंत, पण खिडकी उघडते वीतभर. बाल्कनी नाहीच. आत एसी, त्यात मिरची वाळत नाही, वास तेवढा सुटतो. सूनबाईंच्या कपाळाला आठ्या. काकू ताट घेऊन लिफ्टनं गच्चीवर गेली, तर कुलूप. खाली बागेतल्या बाकावर ताट ठेवलं, तर वॉचमन धावत आला. "मावशी, इथे नाही चालत. एलिव्हेशन खराब होतं."

काकू म्हणाली, "एलिव्हेशन म्हणजे कोण रे? त्यांना मी सांगते."

शेवटी मिरच्या वाळल्या त्या वॉचमनच्या केबिनच्या पत्र्यावर. चार दिवस कावळे त्यानंच हाकलले.

आता मुद्दा. मुंबईत उंच घर बांधायचं तर पश्चिमेकडे तोंड हवं. समुद्र पश्चिमेला, वारा पश्चिमेकडून. पण दुपारचं ऊनही पश्चिमेकडूनच आणि पाऊसही पश्चिमेकडूनच! जुन्या बंगल्यांनी यावर तोड काढली होती: खोल्यांभोवती पडवी. ऊन पडवीत थांबायचं, पाऊस पडवीत थांबायचा, वारा तेवढा आत यायचा.

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी हीच पडवी आभाळात नेली. पेडर रोडजवळची 'कांचनजंगा' इमारत, १९७० साली आखायला घेतलेली, १९८३ साली पुरी झालेली. उंची ८४ मीटर, तळ २१ मीटर चौरस, म्हणजे रुंदीच्या बरोबर चौपट उंच. घरं फक्त ३२. श्रीमंतांचीच, त्यात शंका नको. पण प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजले उंचीची, झाडं लावता येतील अशी उघडी गच्ची. बाहेरून पाहिलं तर चौकोनी खांबाचे कोपरे कुणी चाकूनं कापून काढल्यासारखे दिसतात. कोपराच कापायचा म्हणजे तिथं खांब नाही, गच्ची अधांतरी तोलायची. ते गणित इंजिनिअर शिरीष पटेल यांचं. नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्या तिघांतले हे दोघे. तिसऱ्या प्रवीणा मेहता.

म्हणजे पडवी, श्रोतेहो. काच नव्हे, पडवी. हल्ली ती पडवीही लोक काचा लावून हॉलमध्ये घेतात आणि वर म्हणतात, घरात उकडतं!

परवा काकूला मोबाईलवर कांचनजंगाचा फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. मग त्या कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हं. इथं दोन ताटं राहतील."