आवाज अडतो कुठे: छोट्या बोर्डावरच्या ब्लूटूथची तपासणी

[दृश्य: टेबलावर बोर्ड, शेजारी स्पीकर]

तळहातावर मावेल एवढा हा बोर्ड. त्यावर लिनक्स चालू आहे आणि स्पीकर जोडला गेल्याचं पडद्यावर दिसतंय. ऐका. सुरुवात स्वच्छ, मग आवाज तुटायला लागतो, आणि थोड्या वेळात जोडणीच जाते.

अशा वेळी हात आधी ध्वनीच्या सेटिंगकडे जातो. आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारे प्रोग्राम बदलून बघितले जातात: पाइपवायर काढून पल्सऑडिओ, तेही काढून ब्लूअल्सा. २०१२ च्या डिसेंबरात आलेल्या ब्लूझेड ५ ने, म्हणजे लिनक्सच्या ब्लूटूथ सॉफ्टवेअरने, अल्साशी, म्हणजे लिनक्सच्या ध्वनी यंत्रणेशी, थेट संबंध ठेवला नाही. तेव्हापासून मधे असा एखादा दुवा लागतोच, म्हणून संशयही तिथेच येतो. पण काही पुसून पुन्हा टाकण्याआधी कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग वाचा; त्यात तो काय घडलं ते नोंदवत असतो. या फिल्ममध्ये आम्ही तेच केलं आहे.

[दृश्य: चिपचा जवळून घेतलेला शॉट]

धातूच्या या एकाच टोपणाखाली वायफायही आहे आणि ब्लूटूथही. वायफाय प्रोसेसरशी एसडीआयओ या वेगवान जोडणीवरून बोलतं. ब्लूटूथच्या वाट्याला यूआर्ट या साध्या सीरियल जोडणीच्या चार तारा येतात: एक पाठवायची, एक घ्यायची, आणि 'थांब, आता पाठव' एवढंच सांगणाऱ्या दोन, आरटीएस आणि सीटीएस.

[दृश्य: लॉगच्या ओळी सरकताना]

बोर्ड सुरू झाला की ड्रायव्हर, म्हणजे चिप हाताळणारा कर्नलचा भाग, चिपमध्ये फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम, भरतो. इथे फाइलच्या नावापुढे 'एरर उणे २' आलंय, म्हणजे फाइल जागेवर नाही. ती ठेवली, बोर्ड पुन्हा सुरू केला, ओळ गेली. त्या जागी 'उणे ११०' दिसलं असतं तर चिपने वेळेत उत्तरच दिलं नाही असा अर्थ होता. मग डिव्हाइस ट्रीमधली, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय हे कर्नलला सांगणाऱ्या फाइलमधली, रीसेटची पिन आणि वीजपुरवठा तपासायचा.

गाणं अजून तुटतंय. आता वेग बघू. यूआर्ट सेकंदाला १,१५,२०० बिटांवर चालतोय. प्रत्येक बाइटमागे सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक बिट खर्च होतो, म्हणजे कामाला उरतात ९२ हजारांच्या आसपास. एसबीसी या ब्लूटूथच्या नेहमीच्या कोडेकमधल्या, म्हणजे आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीतल्या, उत्तम दर्जाच्या स्टिरिओ संगीताला लागतात ३ लाख २८ हजार. याच बोर्डाला ब्लूटूथ कीबोर्ड जोडला तर तो बिनतक्रार चालतो, कारण त्याला फार थोडे बिट लागतात. डिव्हाइस ट्रीमध्ये 'मॅक्स-स्पीड' ३० लाख लिहिला की ड्रायव्हर चिपलाही त्याच वेगावर यायला सांगतो.

[दृश्य: तारांवरचे सिग्नल रेघांनी दाखवणाऱ्या लॉजिक अॅनालायझरचा पडदा]

वेग वाढला आणि लॉगमध्ये नवी ओळ आली: 'फ्रेम रीअसेम्ब्ली फेल्ड'. येणारे बाइट वाटेत गळताहेत. वरच्या दोन रेघा बघा, डेटाची नुसती दाटी झाली आहे. खालची आरटीएसची रेघ मात्र सपाट. प्रोसेसरची ती पिन यूआर्टला दिलेलीच नव्हती, त्यामुळे 'थांब' हा निरोप चिपपर्यंत जातच नव्हता. 'इतकी पाकिटं पोचवली' अशी पावती चिप सतत पाठवत असते. ती पावतीच हरवली की प्रोसेसर पुढचं पाठवायचं थांबवतो. ब्लूटूथची देवाणघेवाण दाखवणाऱ्या बीटीमॉन या साधनात हे डोळ्यांनी दिसतं: खाली जाणारी पाकिटं आहेत, वर येणारी पावती नाही.

पिन दिली. आता बघा, रेघ हलायला लागली. ही दृश्यं सलग आहेत, मधे काही कापलेलं नाही.

हे सापडलं, कारण ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये आहे. लॉगमधली ओळ कोडमध्ये कुठून छापली गेली ते कुणालाही उघडून वाचता येतं. फर्मवेअरचं तसं नाही, ती बंद बायनरी. तिच्यातला दोष फक्त उत्पादक दुरुस्त करू शकतो, आणि उत्पादकांनी हे बदलायला हवं असं आम्हाला ठामपणे वाटतं.

[दृश्य: मायक्रोफोन असलेला हेडसेट]

मायक्रोफोनचा रस्ता वेगळा. बोलण्याचा आवाज एससीओ या ब्लूटूथच्या वेगळ्या जोडणीवरून येतो, आणि काही चिप तो यूआर्टवर न पाठवता पीसीएमच्या, म्हणजे थेट आवाजासाठीच्या वेगळ्या, पिनांकडे वळवतात. त्या पिना बोर्डावर कुठेच जोडलेल्या नसतील तर रेकॉर्डिंगमध्ये काहीच येत नाही. उत्पादकाची खास आज्ञा देऊन हा रस्ता एचसीआयकडे, म्हणजे यूआर्टवरून चालणाऱ्या नेहमीच्या ब्लूटूथ संवादाकडे, वळवता येतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं; वायफायही त्याच पट्ट्यात असेल तर ते बंद करून एकदा ऐकून बघा.

एवढी तपासणी न झाल्याने चांगले बोर्ड सदोष ठरून टाकले जातात.

[दृश्य: डिव्हाइस ट्रीमधल्या बदललेल्या ओळी]

दुरुस्ती एवढ्याच ओळींची आहे. तुमच्या बोर्डावर ती लागू पडली तर मूळ कर्नल सांभाळणाऱ्यांकडे पाठवा, आणि लॉगमधली ती चुकीची ओळ जशीच्या तशी सोबत लिहा. तीच ओळ शोधत येणाऱ्याला उत्तर तिथेच मिळेल.